प्रदर्शनात कुत्रे उतरवताय? तयारी वर्षभराची हवी

सुगी आटोपली, यात्रा-जत्रांचा हंगाम लागला, की तालुक्याच्या ठिकाणी कृषी प्रदर्शनांचे मांडव पडू लागतात. खिलार खोंड, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही मंडळी तिथे नेहमीचीच. अलीकडे त्यांच्या शेजारी आणखी एक रिंगण आखलेले दिसते, ते कुत्र्यांचे. कुणी साखळीला लांबट तोंडाचा कारवान धरून उभा असतो, कुणी जर्मन शेफर्ड, तर कुणी लॅब्राडोर. तरणी पोरे तर बैलांकडे पाठ करून तिथेच गर्दी करतात.

यावर गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. जुनी माणसे म्हणतात, "कुत्र्याचे कसले आलेत लाड? राखणीला भुंकलं म्हंजे झालं." पोरे म्हणतात, "एखादं भारीतलं पिल्लू आणलं, की ढाल आपलीच." शेतकरी बंधूंनो, ही दोन्ही बोलणी तपासून पाहण्यासारखी आहेत. भारी किमतीचे कुत्रे निगेअभावी रिंगणात मागे पडते आणि घरच्या भाकरीवर वाढलेले कुत्रे नीट सांभाळले असेल तर पुढे येते. शिवाय असे प्रदर्शन रीतसर भरवले, तर रेबीजच्या लसीकरणापासून देशी जातीच्या जपणुकीपर्यंत गावाची अनेक कामे त्यातून होतात. म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आणि प्रदर्शन भरवणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी ही माहिती.

परीक्षक काय बघतात?

श्वान प्रदर्शनाची पद्धत मूळची इंग्लंडची. तिथला केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. कुत्र्यांच्या बिस्किटांच्या व्यवसायात असलेल्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये लंडनला आपल्या नावाने प्रदर्शन भरवले. तेच आजचे जगप्रसिद्ध 'क्रफ्ट्स'. ते १९९१ पासून बर्मिंगहॅमला भरते. आपल्या देशात केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करते. तिच्या नियमांनुसार होणाऱ्या प्रदर्शनात नोंदणी असलेले कुत्रेच उतरवता येते आणि नोंदणीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप म्हणजे कुत्र्याचा कायमचा बिल्लाच. गाई-म्हशींच्या कानात आपण टोचतो, तसा.

बैलाच्या प्रदर्शनात परीक्षक वशिंड, खूर, शिंगांची ठेवण आणि चाल बघतो. इथेही तसेच असते. प्रत्येक जातीचे एक लेखी वर्णन ठरलेले आहे. परीक्षक दोन कुत्री एकमेकांशी ताडून बघत नाही, तर प्रत्येक कुत्रे त्या वर्णनाशी ताडून बघतो. दात नीट जुळतात का, डोळे स्वच्छ आहेत का, छाती खोल आहे का, पाठ कशी आहे, पुढचे व मागचे पाय सरळ रेषेत पडतात का, हे बघतो. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत का, तेही हात लावून तपासतो. मग कुत्रे चालवायला लावतो, कधी सरळ जाऊन परत, कधी त्रिकोणात.

ढाल बहुतेक इथेच हातची जाते. अंगाने देखणे कुत्रे परक्या माणसाने तोंडाला हात लावताच गुरगुरते, शेपूट पायांत घालते किंवा साखळीला हिसके देत मालकालाच ओढत नेते. चावरे किंवा भेदरलेले कुत्रे परीक्षक बाजूला काढतो. म्हणून पिल्लू घरात आल्यापासूनच त्याला माणसांची, गर्दीची, गाडीच्या आवाजाची सवय लावावी. पहिले तीन-साडेतीन महिने यासाठी फार मोलाचे. रोज त्याचे ओठ उचलून दात बघावेत, कान-पंजे हाताळावेत. चौपायी सरळ उभे राहणे आणि साखळी सैल ठेवून डाव्या हाताला चालणे, एवढे दोन धडे पक्के झाले तरी निम्मे काम झाले.

आपल्या दारचा कारवान

सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि लागून असलेल्या कर्नाटकातील विजयपूर, बागलकोट या पट्ट्यात कारवान कुत्रे घरोघरी माहीत आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला 'कारवान हाउंड' म्हणते, तर कर्नाटकात 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ आहे. कान-शेपटीला रेशमी झालर असणाऱ्यास आपल्याकडे पश्मी म्हणतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय. नराची खांद्यापाशी उंची साधारण सव्वादोन ते अडीच फूट. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर धावते.

मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या राजाला तिची जोडी भेट दिली. पुढे २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्ले २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. पंतप्रधानांनीही ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख करताना मुधोळचे नाव घेतले होते.

असे असताना आपली पोरे हस्की आणि सेंट बर्नार्डच्या मागे लागतात, याचे वाईट वाटते. ही बर्फातली कुत्री. त्यांच्या अंगावर दुहेरी केसांची गोधडी असते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती धापा टाकून अर्धमेली होतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर साधा श्वासही कष्टाने घ्यावा लागतो. हौस दोन महिन्यांत फिटते आणि मग ते जनावर शेतावरच्या खोपीत बांधून पडते, नाहीतर रस्त्यावर सोडले जाते. आपल्या हवेत, आपल्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली जात दारात असताना हा उद्योग कशाला?

मात्र एक धोका कारवानलाही आहे. नुसत्या उंचीसाठी आणि बारीक तोंडासाठी जवळच्या नात्यातले नर-मादी लावत गेलो, तर रिंगणात शोभेचे पण पळायला कमजोर कुत्रे तयार होईल. वळूची निवड करताना आपण दूध आणि ताकद बघतो. कुत्र्याच्या पैदाशीतही दम, स्वभाव आणि निरोगीपणा आधी बघावा.

अडथळ्यांची शर्यत: कोणत्याही कुत्र्याला खुली

"साहेब, आमचं कुत्रं गावठी. त्याला कुठं उतरवायचं?" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यांच्यासाठी अ‍ॅजिलिटी म्हणजे चपळाईची स्पर्धा उत्तम. हा खेळ १९७८ मध्ये क्रफ्ट्समध्येच जन्मला. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत लोकांना काय दाखवावे, असा प्रश्न संयोजकांपुढे होता. तेव्हा घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कल्पना घेऊन जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी कुत्र्यांसाठी अडथळे मांडले. लोकांना ते इतके आवडले, की खेळ जगभर पसरला. आपल्याकडे पोलिसांच्या श्वान पथकाची प्रात्यक्षिके ज्यांनी पाहिली असतील, त्यांना याची कल्पना येईल.

यात रूप बघत नाहीत. उड्या मारण्याची आडवी दांडी, टायर, बोगदा, चढ-उताराची फळी, अरुंद पूल, खालीवर होणारी झुलती फळी आणि नागमोडी जाण्यासाठी एका रांगेत रोवलेल्या बारा काठ्या, असे साधारण वीसेक अडथळे क्रमांक घालून मांडतात. कुत्र्याने ते त्याच क्रमाने आणि ठरलेल्या वेळेत पार करायचे. सोबत धावणाऱ्या मालकाने फक्त हाताने व तोंडाने खुणा करायच्या. कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ किंवा खेळणे धरायचे नाही. दांडी पाडली, अडथळ्यापाशी अडले, फळीवरून उतरताना रंगवलेल्या पट्ट्याला पाय न लावता उडी टाकली, की प्रत्येक चुकीला पाच गुण दंड. क्रम चुकला तर स्पर्धेतून बाद. नागमोडी काठ्यांत शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे आली पाहिजे, असाही नियम आहे. सुरुवातीपूर्वी मालकांना कुत्र्याविना रिंगणात फिरून मार्ग पाहू देतात. तो पाठ झाला नाही, तर मालकच चुकतो आणि बोल कुत्र्याला लागतो!

कुत्र्यांचे उंचीप्रमाणे गट करतात. मोठ्यांची दांडी सुमारे दोन फुटांवर, लहानांची फूटभरावर. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दीड वर्षाच्या आतील कुत्रे या स्पर्धेत घेत नाहीत. त्याला कारण आहे. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात, उड्यांनी सांधे कायमचे बिघडतात. कोवळ्या खोंडाला आपण औताला जुंपत नाही, तसेच हे.

सरावाचे सामान घरचेच

यासाठी विकत सामान आणायची गरज नाही. दोन खुंट्यांवर अलगद ठेवलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा ही झाली उडीची दांडी. ती धक्क्याने पडली पाहिजे, पक्की बांधू नये. काळ्या पाइपची वर्तुळे करून त्यावर बारदान शिवले, की बोगदा तयार. नागमोडीसाठी दोन-दोन फुटांवर काठ्या रोवाव्यात. फळीवर खरखरीत पोते चिकटवावे, नाहीतर पाय घसरतो. जागा मऊ हवी, कुळवून सपाट केलेली किंवा गवताची. काँक्रीटच्या खळ्यावर किंवा मुरमाड जागेवर उड्या घेऊ नयेत.

सुरुवातीला दांडी जमिनीवरच ठेवावी. काम जमले, की लगेच शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा छोटा तुकडा द्यावा. काठी दाखवून शिकवलेले कुत्रे गर्दी बघताच बिचकते. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे पुरे. एकदाच तासभर दामटण्यात फायदा नाही.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापेवाटे अंग थंड करते. म्हणून उन्हात सराव नको आणि भर दुपारी स्पर्धाही नको. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, तर समजावे की ऊन लागले. लगेच सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यकाकडे न्यावे.

लस, जंत आणि खाणे

प्रदर्शनाला जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत हवेच. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांची एकत्रित लस सुरू करावी आणि पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुढचे डोस द्यावेत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे दरवर्षी. रोज कुत्र्याच्या संगतीत असणाऱ्या आपल्या पोराबाळांसाठी ही लस आहे, हे ध्यानात ठेवावे. तरीही कुत्रे चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. रेबीज एकदा जडला, की उपाय नाही.

जंतांचे औषध पिल्लांना लवकर सुरू करावे आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी द्यावे. शेळी-मेंढी कापल्यावर पाण्याच्या गाठी असलेले काळीज-फुप्फुस कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची सवय मोडावी. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, की यकृतात गाठी धरतात.

गोचिडांसाठी शेतातले कीटकनाशक किंवा जनावरांचे तीव्र औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणे जिवावर बेतते. खाण्यात भाकरी-ताकाबरोबर अंडी, मांस किंवा दूध असे प्रथिनांचे काही रोज हवे. कांदा देऊ नये. आणि द्राक्ष पट्ट्यातील बंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे, की द्राक्षे आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंडे निकामी होतात. बेदाणा शेडजवळ कुत्रे मोकळे सोडू नये. उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी आमिषापासूनही त्याला लांब ठेवावे.

कायद्याची बाजू

कारवान धावताना दिसला, की पुढे जिवंत ससा सोडावा अशी काहींची हौस असते. ससा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, कुत्र्याकरवी केलेली शिकारसुद्धा गुन्हाच. कुत्र्यांच्या झुंजी लावणे पशुक्रूरता प्रतिबंध अधिनियम १९६० नुसार गुन्हा आहे. हौसेसाठी कान-शेपूट कापणे ही तर क्रूरताच. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मोकळीक दिली, म्हणून कुत्र्यांना मोटारसायकलमागे पळवायलाही मोकळीक आहे, असे समजू नये. तो निकाल बैलांच्या खेळांबाबतच्या राज्यांच्या कायद्यांपुरता आहे.

पिल्ले विकून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यांसाठी २०१७ चे श्वान पैदास व विक्रीचे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि दीड वर्षाच्या आतील मादी पैदाशीला लावता येत नाही. ढाल मिळाली, की दारात पैशांची रास लागेल, या भरवशावर कुणी कर्ज काढू नये. रोजचा खुराक, लस, औषधे यांचा हिशेब आधी वहीत मांडावा.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हा कार्यक्रम थोड्या खर्चात घेता येईल. प्रदर्शनाआधी पंधरवडाभर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावात रेबीज लसीकरण शिबिर घ्यावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी शिबिर आणि दिवाळीनंतर प्रदर्शन, अशी सांगड घालता येईल. गावातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मालकांची कुत्री तर येतीलच, मोकाट कुत्र्यांचाही त्यात समावेश व्हावा.

प्रवेशाची पहिली अट लसीचे कार्ड, दुसरी अट मजबूत पट्टा. माजावर आलेली, आजारी किंवा पिल्ले पाजणारी मादी घेऊ नये. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे उतरल्यावर. सावली, पाणी आणि हजर पशुवैद्यक, या तीन गोष्टींखेरीज मैदान सुरू करू नये. दोन कुत्र्यांत चार-पाच हातांचे अंतर राखावे आणि प्रेक्षकांच्या बाजूला दोर बांधावा.

बक्षिसे मात्र विचार करून ठेवावीत. 'सर्वांत देखणे' याबरोबर 'उत्तम निगा राखलेले गावठी कुत्रे', 'उत्तम कारवान' आणि 'मालकाचे उत्तम ऐकणारे कुत्रे' अशीही बक्षिसे असावीत. शाळकरी मुलामुलींसाठी पाच अडथळ्यांची सोपी शर्यत ठेवावी. आपण हाक मारली, की कुत्रे सगळे सोडून धावत येते, हे ज्या मुलाने स्वतः शिकवले, ते मूल पुढे कुठल्याच जनावराला दगड मारणार नाही.

गावात कुणाला प्रदर्शनात उतरायचे असेल, तर आजच कुत्र्याला घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, वजन करून घ्यावे, लसीचे कार्ड काढून घ्यावे आणि उद्या सकाळपासून दहा मिनिटे सैल साखळीने चालवायला सुरुवात करावी. पिल्लू अजून आणायचेच असेल, तर आधी आपल्या गावातल्या नि शेजारच्या गावातल्या कारवान पाळणाऱ्यांकडे जावे, पिल्लाची आई डोळ्यांनी बघावी, तिचा स्वभाव बघावा आणि मगच व्यवहाराचे बोलावे.